खंडेनवमीचं लिंबू

मी एक जुनी पॉवर प्रेस आहे. चाकणच्या एमआयडीसीत, उद्धवरावांच्या शेडमध्ये, शटरमधून आत आलं की उजव्या हाताला तिसरी. मित्रांनो, तुम्ही मला चांगलं ओळखता. दर खंडेनवमीला तुम्ही नवे कपडे घालून, वडिलांचं बोट धरून इथे येता, माझ्या पुढ्यात उभं राहून पेढा खाता आणि चिकट हात माझ्याच अंगाला पुसता. त्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूची माळ असते, कपाळाला हळदीकुंकू असतं आणि मी गप्प असते. तुम्हाला वाटतं, काय गरीब मशीन आहे बिचारी! कामाच्या दिवशी एकदा येऊन बघा, म्हणजे कळेल गरीब कोण आणि बिचारं कोण.

माझं काम सोपं आहे. खाली लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात. त्याच्यावर पत्रा ठेवायचा. वरून माझा रॅम, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, पडतो, धाड! पत्र्याचा ब्रॅकेट होतो, तो मोटारीच्या सीटखाली जाऊन बसतो. मधे पत्र्याऐवजी दुसरं काही आलं, तर त्याचंही काहीतरी होतंच. मी निवड करत बसत नाही.

माझा जन्म राजकोटचा. तिथून ट्रकवर दोरखंडांनी करकचून बांधून मला भोसरीच्या एका गाळ्यात आणलं. तेव्हा उद्धवराव स्वतः अंगावर तेलाचे डाग घेऊन फिरायचे. पुढे धंदा वाढला, चाकणला मोठी शेड झाली, उद्धवरावांच्या अंगावरचे डाग गेले. माझा रंग मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवा होतो. मला वेळच्या वेळी तेल मिळतं, ग्रीस मिळतं. जरा कुठे खुट्ट वाजलं की पुण्याहून माणूस येतो, मला उघडून बघतो, पुसतो, पुन्हा मिटतो. माझी आबाळ झाली असं मी मुळीच म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू?

भोसरीच्या गाळ्यातच बाळाजी माझ्याकडे आला. चाकणच्या पलीकडच्या गावातला, कांदा पिकवणाऱ्या घरातला पोरगा, ओठावर नुकतं मिसरूड फुटलेलं. अंधारात उठून बस धरायचा आणि पहिल्या शिफ्टला हजर व्हायचा. वर्षा-दोन वर्षांत त्याचं लग्न झालं आणि त्या खंडेनवमीला तो नव्या बायकोला मला दाखवायला घेऊन आला. सगुणाबाई तिचं नाव. बाई गं, काय ते तोंड! आल्यापासून एकसारखी बोलत होती. शेजारणीची म्हैस, बसमधली भांडणं, सासूच्या तपकिरीची डबी कुठे हरवली आणि कुठे सापडली, सगळं तिने माझ्यासमोर उभं राहून बाळाजीला सांगितलं आणि तो पोट धरून हसला. मग तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही व्हय तुमची लाडकी? दिसभर हिच्यापाशीच असता! माझी सवतच म्हनायची की. जरा जाडच हाय."

मला राग आला नाही. सवत म्हणालीस ना बाई, मग सवतीसारखीच वागेन, एवढं मी मनाशी ठरवलं.

आमच्या शेडमध्ये एक रीत आहे. खंडेनवमीला पूजा झाली की प्रेसच्या जुन्या कारागिराने डायवर एक लिंबू ठेवायचं आणि रॅम एकदाच खाली आणायचा. मशीनला बळी मिळाला, आता वर्षभर ती माणसाला धक्का लावणार नाही, असा समज. मग मेन स्विच बंद, ते थेट दसरा झाल्यावरच चालू. बाळाजी लिंबू ठेवताना माझ्या कानाशी लागल्यासारखा वाकायचा आणि हळूच म्हणायचा, "घे बाई, ह्ये खा. आन् माझी धा बोटं माझी मला ऱ्हाऊ दे."

मला हसू यायचं. लिंबू मला काय कामाचं? त्याच्या रसाने उलट गंज चढतो.

एका वर्षी लिंबू तर खंडूनेही ठेवलं होतं. खंडू म्हणजे दुसऱ्या शिफ्टचा कारागीर, बाळाजीच्याच गावचा, त्याचा जिवाभावाचा. माझ्या पुढे दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम पडतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नको. पण फळ्यावर दर तासाचं टार्गेट लिहिलेलं असतं आणि सुपरवायझर दर तासाला त्या फळ्यापुढे उभा राहून आयाबहिणींचा उद्धार करतो. मग माणूस एका बटणात पाचर ठोकतो. एक हात मोकळा राहतो, काम भराभर होतं. खंडूने पाचर ठोकली. सुपरवायझरने ती पाहिली आणि मग छताकडे पाहिलं. एका दुपारी खंडूची दोन बोटं माझ्यात राहिली. त्याला रिक्षात घालून नेलं, डाय पाण्याने धुतली आणि चहा व्हायच्या आत मी पुन्हा चालू झाले. पुढे खंडूला पीस तपासायच्या टेबलावर बसवलं. अजून तिथेच आहे, माझ्या समोर.

त्या दिवसापासून बाळाजी सावध झाला. पाचर कधी ठोकली नाही, शिव्या खाल्ल्या पण दोन्ही बटणं दोन्ही हातांनीच दाबली. त्याचा सगळा जीव बोटांत आला. शिफ्ट संपली की दोन्ही पंजे उघडून बघायचा आणि मगच घरी जायचा. मित्रांनो, घरातले सगळे पुढच्या दाराशी काठ्या घेऊन बसले की चोराने काय करावं? मी मागच्या दाराने गेले.

माझा खरा आवाज तुम्ही ऐकलेला नाही; लिंबावरचा तो एक ठोका म्हणजे काहीच नाही. शेडमध्ये माझ्यासारख्या ओळीने उभ्या आहेत. सगळ्या चालू झाल्या की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. कंपनीने कानात घालायला नारिंगी बोळे दिले होते. बाळाजीने ते माझ्याच अंगावरच्या खिळ्याला अडकवले आणि तिथेच राहू दिले. त्याला कारण होतं. डायला चीर जायला लागली की माझा आवाज किंचित बदलतो, ठोका जरा फाटका येतो. तो फरक बाळाजीला बरोबर कळायचा. एकदा गिऱ्हाइकाची मोठी माणसं आली होती, तेव्हा उद्धवराव त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "हा आमचा बाळाजी. याचा कान म्हणजे माझी अर्धी कंपनी."

झालं! त्या एका वाक्यावर गडी वर्षानुवर्षं जगला. बोळे घातले तर कान बंद, कान बंद तर ते वाक्य बंद. मीही मग रोज त्याला भरभरून ऐकवलं.

आधी बारीक आवाज गेले. एक दिवस चहाच्या वेळी तो खंडूला म्हणाला, "कुकर निकामी निघाला राव. दोनदा शिट्टी बदलली तरी वाजत न्हाई. सगुणी मला शिट्ट्या मोजाय बसवती, भात करपतो आन् वर म्हनती वाजली. लई झापली आज तिला."

खंडू त्याच्याकडे बघत राहिला. त्याने काय ते ओळखलं. "दवाखान्यात दाव," तो म्हणाला.

"रिटायर झाल्यावर बगू," बाळाजी म्हणाला. "आता दावलं तर शेठ मला पॅकिंगला बसवंल. कुनाला बोलू नगं. माझ्या गळ्याची आन हाय तुला."

दर वर्षी कंपनीत तपासणीची गाडी येते. कानाला यंत्र लावतात, त्यात टींऽ वाजलं की बोट वर करायचं. आमचा पठ्ठ्या त्यातूनही पास! "त्या यंत्रवाल्या पोराचा अंगठा बटनावर हालला की म्या बोट वर करायचो," असं सांगून माझ्यासमोर हसला होता. आणि माझी चाल ओळखायला त्याने एक युक्ती काढली. ठोका पडला की लगेच उजवा तळवा माझ्या अंगावर ठेवायचा, आत घुमणारा धक्का कसा येतोय ते अजमावायचं. लोक म्हणायचे, बाळाजीची केवढी ती श्रद्धा, दर थोड्या वेळाने मशीनला हात लावून नमस्कार करतो.

दर खंडेनवमीला तो लिंबू ठेवताना म्हणायचा, "औंदा शेवटचं." मग काहीतरी निघायचं. एका वर्षी घरावर स्लॅब टाकायचा होता. मग हर्षाली, त्याची लेक, तिचं लग्न निघालं. तेही झालं. मग एक वर्ष असं आलं की सांगायला काहीच कारण उरलं नाही. तेव्हा उद्धवराव म्हणाले, "बाळाजी, तू गेलास तर ही प्रेस चालवणार कोण?" आणि तो विरघळला.

कोण चालवणार म्हणजे? दोन हात असलेला कोणीही चालवेल. पण हे मी त्याला कशाला सांगू?

सगुणाबाई दर वर्षी यायची. दर वर्षी थोडी कमी बोलायची. आधी शेजारणीची म्हैस गेली, मग बसमधली भांडणं गेली. शेवटी शेवटी नुसती ताट घेऊन यायची, मला कुंकू लावायची आणि भिंतीशी उभी राहायची. एकदा खंडूला म्हणाली, "भावजी, घरी आलं की टीव्ही मोठ्ठा लावून बसत्यात. धा हाका मारल्या तर एकीला ओ. तुमच्यासंगं तरी बोलत्यात का? माज्यावरनं मन उडालंय त्यांचं. इच्यारलं तर म्हनले, रिटायर झाल्यावर बोलू. म्या बी आता सगळं साठवून ठिवलंय."

खंडू पेढे वाटायला निघून गेला. त्याला शपथ होती. माणसं शपथा मोठ्या इमानाने पाळतात, विशेषतः ज्या मोडायला हव्यात त्या.

मग गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या डायला चीर गेली. ठोका फाटला, पुढच्या ठोक्याला अजून फाटला. बाळाजी पत्रे ठेवतोय, बटणं दाबतोय, ठेवतोय, दाबतोय. तळवा माझ्या अंगावर ठेवायला टार्गेटने वेळ कुठे ठेवला होता? समोरच्या टेबलावरून खंडू तीरासारखा आला आणि त्याने लाल स्विच दाबला. डाय उघडून चीर दाखवली. बाळाजीने चीर पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पत्र्याच्या गठ्ठ्यावर खाली बसला.

घरात बायकोची हाक ऐकू येईना, तेव्हा त्याने नोकरी सोडली नव्हती. माझा ठोका ऐकू आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा कागद घेऊन आला. मी जिंकले होते, मित्रांनो. सगुणाबाई मला सवत म्हणाली होती ना?

उद्धवराव फेरीला आले तेव्हा त्याने तो कागद पुढे केला. त्यांनी वाचला, मान हलवली, दोन अक्षरं बोलले आणि पुढच्या मशीनकडे गेले. बाळाजी त्यांच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मग खंडूजवळ गेला.

"काय म्हनलं शेठ?"

खंडू त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला, "बरं, म्हनलं."

"आन् म्होरं?"

"म्होरं काय न्हाई."

ठेकेदाराचा नवा माणूस आधीच ठरला होता, बाळाजीच्या निम्म्या पगारात. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते हातवाऱ्यांनी सांगण्यासारखं नव्हतं.

निरोप खंडेनवमीलाच ठरला. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी इथे होतात. शेड धुऊन काढली होती, सगळ्या मशीन बंद होत्या. एवढी शांतता की बाहेरच्या रस्त्यावरचा ट्रेलरचा हॉर्न आत घुमत होता. बाळाजी नवी टोपी घालून माझ्या गळ्यात माळ बांधत होता. सगुणाबाई जांभळं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. किती वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर ते पहिल्या खंडेनवमीचं काहीतरी दिसत होतं.

"आवं, ऐकलं का?" ती हळू आवाजात म्हणाली. "आजपास्नं रिटायर ना? मंग आता ऐका. लई साठलंय. आदी तर भांडनार हाय मी तुमच्याशी, सांगून ठिवते. मंग बाकीचं."

बाळाजी माळेची गाठ मारत होता.

"आवं! आज तरी ओ द्या की."

त्याने दुसरी गाठ मारली आणि गुणगुणायला लागला. सगुणाबाईचा चेहरा उतरला. इतकी माणसं बघताहेत, आणि हा साधा मागेही वळत नाही! तिच्या हातातून ताट सुटलं. सिमेंटच्या जमिनीवर, त्या शांत शेडमध्ये, ठण्णकन पडलं आणि गरगरत राहिलं. सगळ्यांच्या माना वळल्या. एक लहान पोर दचकून भोकाड पसरायला लागलं.

बाळाजी गुणगुणत माझी माळ सारखी करत होता.

सगुणाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने खंडूकडे पाहिलं. खंडूने मान खाली घातली.

"कवापास्नं?"

"लई वर्सं झाली, वैनी. त्याची आन व्हती."

ती रडली नाही. तिला बिचारीला नवऱ्याचा राग करायची सवय झाली होती. किती वर्षं जेवणात, अंथरुणात, सणासुदीला तिने तो राग जपला होता, आणि आता कळलं की तो सगळा फुकट गेला. करपलेल्या भातावरून ऐकलेलं बोलणंही फुकट गेलं. ती खाली बसली आणि सांडलेलं कुंकू बोटांनी गोळा करायला लागली.

मग उद्धवरावांनी भाषण केलं. ज्या वाक्यासाठी बाळाजी एवढी वर्षं थांबला, ते त्यांनी त्या दिवशी अगदी माइकवरून म्हटलं. "बाळाजीचा कान म्हणजे माझी अर्धी कंपनी!" टाळ्या पडल्या. सगळे टाळ्या वाजवताहेत हे पाहून बाळाजीनेही जोरजोरात वाजवल्या, आणि सगळ्यांच्या थांबल्या तरी तो वाजवतच राहिला. पोरं फिदीफिदी हसली. सगुणाबाईने उठून त्याचे हात धरून खाली केले.

शेवटी लिंबू. त्याने ते डायवर ठेवलं, पुटपुटला, मागे झाला, दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबली. धाड! शेड हादरली. बाळाजीने तळवा माझ्या अंगावर ठेवला आणि सगुणाबाईकडे वळला. तोंडभर हसत होता.

"ऐकलंस का, सगुणे? कसा कोरा ठोका हाय बग! आन् ह्ये बग." त्याने दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरले. "धाच्या धा! कुनाची ऱ्हातात गं एवढी वर्सं प्रेसवर? आता बोल, काय बोलायचं त्ये. मोकळा झालो आज."

नुकतंच सगुणाबाईने त्याला माझ्या अंगावर हात ठेवून ठोका ऐकताना पाहिलं होतं. तिने त्याचा उजवा तळवा धरला, आपल्या गळ्यावर ठेवला, वरून स्वतःचे दोन्ही हात दाबले आणि मग बोलायला लागली. काय बोलली ते मी ऐकलं, खंडूने ऐकलं, तिथल्या सगळ्यांनी ऐकलं. म्हैस होती त्यात, कुकर होता, भांडण होतं आणि बाकीचंही होतं.

बाळाजी डोळे मिटून उभा होता, माझा ठोका अजमावायचा तसा. त्या तळव्यावर पत्र्याने एवढे घट्टे पाडलेत की सुई टोचली तरी कळायची नाही. माझा धक्का तेवढा त्यातून आत जायचा. थोडा वेळ थांबून त्याने मान हलवली.

"हाताला काय बी लागत न्हाई गं," तो म्हणाला.

दसऱ्यानंतर पहिल्या शिफ्टला नवा माणूस आला. मी चालू झाले. फळ्यावरचं टार्गेट दुपारपर्यंत पूर्ण झालं आणि एकही पीस कमी पडला नाही. नव्या माणसाने ते नारिंगी बोळे खिळ्यावरून काढले, बघितले आणि परत तिथेच अडकवले. त्याचाही कान चांगला आहे, असं सुपरवायझर म्हणत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मशीनने शेवटी तुमच्यापुढे हात जोडावेत आणि माझी काळजी घ्या म्हणावं, अशी पद्धत आहे. मला हात नाहीत, आणि माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत. तरी एक काम सांगते. आज तुमचे वडील शिफ्टवरून आले, हातपाय धुऊन बसले, की त्यांची बोटं मोजू नका. मागे जाऊन उभे राहा आणि हळूच हाक मारा. वळले, तर त्यांना म्हणावं, औंदाच सोडा ही नोकरी. आणि नाही वळले, तर तुम्हाला जे काही बोलायचं असेल, ते मला येऊन सांगा. मला सगळं ऐकू येतं.